पट्टी वर सरकते तेव्हा

४ मार्च

प्रिय ढगोबा,

निकालाच्या कागदावर सही न करताच तू निघून गेलास. कागद सोबत पाठवतोय. सही करून आपल्या विमानाच्या डाकपिशवीतूनच परत पाठव. फोनवर हे बोलता येणार नाही. इथला फोन पहारेकऱ्याच्या टेबलावर आणि तुझा बैठकीच्या खोलीत. इकडे पहारेकरी, तिकडे माझी बहीण. दोघांत जास्त तिखट कानाचं कोण, ते तुला सांगायला नको.

तू नापास झालास. गोड करून सांगायची कला मला कधीच जमली नाही. तू माझा मेव्हणा म्हणून परीक्षेच्या वेळी मला बाहेर बसवलं होतं, पण नंतर मी तुझ्या उड्डाणाचा आलेख काढून पाहिला. तुझं घोडं एकाच जागी अडतंय.

आपल्या जुन्या विमानात वेगाची गोल डायल होती. तीस वर्षांत आपण तिच्यातला आकडा कधी वाचलाच नाही. काटा ठरल्या जागी कलला की उतरायचा वेग आला, संपलं. नव्या पडद्यावर काटा नाही. उभी पट्टी आहे, मोठे आकडे वर, लहान खाली. मधली खिडकी जागची हलत नाही, मागून पट्टी सरकते. वेग कमी झाला की खालचे लहान आकडे खिडकीकडे येतात, म्हणजे पट्टी वर जाते. ती वर जाताना दिसली की तुझ्या हाताला वाटतं वेग वाढला, आणि इंजिनाचा जोर कमी करायला तू थ्रॉटल मागे घेतोस. वेग आणखी पडतो, पट्टी आणखी वर पळते, तू आणखी मागे घेतोस. ते सिम्युलेटर होतं म्हणून हे पत्र तुला लिहितोय, नाहीतर तुझ्या बायकोला लिहावं लागलं असतं.

दुसरी आणि शेवटची परीक्षा २९ तारखेला आहे, तोवर तू जमिनीवर. जूनमध्ये डायलवाली शेवटची दोन विमानं विकली जातील. त्रेपन्नाव्या वर्षी नुसत्या काट्यांवर उडणाऱ्याला कुणी विमानाची शिडीसुद्धा धरायला ठेवणार नाही. पडद्याचं मोठं चित्र सोबत आहे. घरी सराव कर. आकडा मोठ्याने म्हण. पट्टीकडे बघू नकोस, आकडा वाच.

तुझा,
मास्तर

९ मार्च

मास्तर,

कागद सहीसह परत. 

तुझं चित्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला लावलंय. पुठ्ठ्याला खिडकी कापली आणि मागून आकड्यांची लांब पट्टी घातली. तुझी बहीण एका हाताने भाजी ढवळते आणि दुसऱ्या हाताने पट्टी ओढते. वर गेली की मी 'कमी' म्हणायचं, खाली आली की 'जास्त'. दहापैकी आठदा बरोबर येतं. उरलेल्या दोन वेळा आम्ही सगळे मरतो, आणि ती हसून म्हणते, आता मेलेल्यांनी जेवायला बसा. तिला वाटतंय हा सगळ्यांनाच दिलेला गृहपाठ आहे. परीक्षा झालीच नाही, यंत्र बिघडलं होतं, असं मी सांगितलंय.

मास्तर, पट्टी एकटी असेल तर मी तिला पुरून उरतो. पण तुमचे ते बिघाड सुरू होतात, एक पडदा काळा पडतो, घंटा वाजते, लाल अक्षरं येतात, आणि माझं डोकं पळत जुन्या घरी जातं. तिथे काटे असतात. मग वेग वाढला की कमी झाला ते हात ठरवतो, मी नाही. त्या बंद खोक्यात बसलो की मला श्वास पुरत नाही. खिडक्यांबाहेर आकाश दिसतं, तेही खोटं.

सहा बिघाडांची यादी तूच बनवतोस ना? कोणता कशानंतर येणार हे कळलं, तर डोकं पळणार नाही एवढंच. मी मागत नाहीये. नुसतं लिहितोय.

ढगोबा

१२ मार्च

ढगोबा,

तू मागत नाहीस, मी देत नाही. फिट्टंफाट.

बिघाड माहीत असेल तर ती परीक्षा राहत नाही, ते पाठांतर होतं. तुझ्या मागे सत्तर माणसं बसलेली असतील तेव्हा इंजिन तुला आधी चिठ्ठी पाठवणार नाही. यादी बंद पाकिटात माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. रागाव, शिव्या दे, पण सराव सोडू नकोस. आणि चिमीला खरं सांग. तिच्यापासून काही लपून राहतं असं वाटणारा तू जगातला एकटाच माणूस आहेस.

मास्तर

१७ मार्च

दादा,

नमस्कार शेवटी, आधी भांडण.

हे नापास झालेत. मला कुणी सांगितलेलं नाही. यंत्र बिघडलं तर माणूस चिडून घरी येतो, हे आले ते पाय न वाजवता आले. त्यावरूनच कळलं. पुठ्ठ्याचा खेळ मी मुकाट्याने खेळते, पट्टी वर ओढते, खाली ओढते, आणि ह्यांच्या कपाळावरचा घाम बघते. रोज सकाळी गणवेशाला इस्त्री करतात, पुन्हा कपाटात टांगतात. घरात असून कुठे जायचं ते त्यांना कळत नाही. परवा न्हाणीघरात दार लावून आकडे म्हणत बसले होते. धाकट्याने विचारलं, बाबा कुणाशी बोलतायत? मी काय सांगू?

तुला काही नियम असतील. पण तुझ्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा महिने तुझ्या पहाटेच्या पाळ्यांची विमानं ह्यांनी उडवली, तुझी खुर्ची दुसऱ्याला मिळू दिली नाही, ते कोणत्या नियमात बसत होतं? तेव्हा तू नियम विचारला नाहीस. आता तू शिकवणारा झालास आणि हे शिकणारे, तर मनात थोडं बरं वाटतंय का रे? वाटत नसेल तर काहीतरी कर. काय ते मला कळत नाही. तुला कळतं.

नमस्कार.

चिमी

२१ मार्च

ढगोबा,

चिमीचं पत्र आलं. मनाला लागेल असं लिहिते, लहानपणापासून.

पहिला: धावपट्टी सोडल्यावर उजवा पडदा काळा. दुसरा: डाव्या इंजिनाचं तेल कमी. तिसरा: दोन पडद्यांवर दोन वेगळे वेग, तुझा चुकीचा. चौथा: चाकं उतरल्याचा दिवा लागत नाही. पाचवा: डावं इंजिन बंद. सहावा: शेवटच्या वळणावर दोन्ही पडदे पाच सेकंद जातात आणि परत येतात.

क्रम हाच.

मास्तर

३० मार्च

मास्तर! अरे मास्तर!

पास! परीक्षक म्हणाला, इतका शांत माणूस ह्या खोक्यात अजून पाहिला नाही. शांत राहायला काय जातं? पाहुणे कधी येणार ते माहीत असलं की यजमान शांतच असतो. सगळं लक्ष त्या मेल्या पट्टीवर ठेवलं, आकडा मोठ्याने म्हणत राहिलो, एकदाही चुकलो नाही. उजवा पडदा काळा व्हायच्या आधीच माझा हात बटणाकडे गेला होता, दोन सेकंद आधी! नशीब, परीक्षक तेव्हा वहीत लिहीत होता.

चिमीने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. थंडी नाही म्हटलं तर म्हणाली, येईल.

पुठ्ठा काढून टाकला. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे डाग राहिलेत, त्यावरून बोलणी खातोय.

तुझा जन्माचा ऋणी,
ढगोबा

३ एप्रिल

ढगोबा,

अभिनंदन. ते दोन सेकंद मला काही सुचू देत नाहीत.

सोमवारी आणि गुरुवारी दुपारी सिम्युलेटर दोन तास मोकळं असतं. तू ये. कागदावर काही लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. मी मनाला येतील ते बिघाड देईन आणि तू पट्टी सांभाळायची. महिनाभर तरी ये. आणि पुठ्ठा परत लाव.

मास्तर

(ढगोबाचं उत्तर नाही. १५ मे रोजी पुन्हा लिहिलं, त्यालाही नाही. मास्तर)

२६ जून

मास्तर,

तुझी दोन्ही पत्रं आली होती. पास झालेल्या माणसाला सरावाला बोलावलं याचा राग आला होता. आता राग नाही.

शुक्रवारी उतरत होतो. अडुसष्ट प्रवासी. उजव्या सीटवर सहवैमानिक, सव्वीस वर्षांची पोरगी, नवी, हुशार, पडद्यांवरच शिकलेली. काटा तिने संग्रहालयात पाहिला असेल. शेवटच्या वळणावर नियंत्रण मनोऱ्याने धावपट्टी बदलून दिली. एवढंच, बिघाड कसलाच नाही. मी बाहेर बघितलं, आत बघितलं, पट्टी वर पळताना दिसली. म्हटलं वेग फार झाला. थ्रॉटल मागे घेतला. ती म्हणाली, "सर, स्पीड." मी म्हटलं, "हो, कमी करतोय." आणि आणखी मागे घेतला. ती ओरडली. मग तिने माझ्या हातावर हात ठेवून तो पुढे ढकलला, जोर लावून. विमान एकदा थरथरलं आणि सावरलं. मागे एका बाईने पर्स पाडली म्हणे. बाकी कुणाला काही कळलं नाही.

खाली उतरल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "होतं असं, सर." तिने कुठे कळवलेलं नाही. माझे केस पांढरे आहेत आणि तिची नोकरी कच्ची आहे, म्हणून ती गप्प आहे. तिच्या मनगटावर माझ्या घड्याळाचा ओरखडा उठला होता, तो तिने बाहीखाली झाकला.

आता मी काय करू? मंगळवारी आणि शुक्रवारी मला उडायचंय. पाठ दुखते म्हणून सांगितलं, डॉक्टरने तपासून तंदुरुस्त लिहिलं. खरं सांगावं, तर पहिला प्रश्न येईल की मग परीक्षेत पास कसा झालास? तोंड उघडलं तर तू जातोस, बंद ठेवलं तर कधीतरी अडुसष्ट जण जातील. सीटवर बसतो, पट्टा बांधतो आणि वाटतं की हा पट्टा आता सुटणार नाही. मला भीती वाटते मास्तर. तीस वर्षांत पहिल्यांदा विमानाची भीती वाटते.

ढगोबा

३० जून

ढगोबा,

कुणाला काही बोलू नकोस. आधी रजा टाक, घरगुती कारण लिही, मी इथून जोर लावतो. जुलैत तुला सिम्युलेटरवर घेतो, रोज. महिन्याभरात तुला तयार करतो आणि मग हे सगळं झालंच नव्हतं असं होईल.

तुला सांगितलं नव्हतं, पण मागच्या आठवड्यात मला प्रशिक्षण विभागाचा प्रमुख केलं. खोलीबाहेर पाटी लागली. तुझं पत्र त्या पाटीखाली उभं राहून वाचलं. तीनदा मोठ्या साहेबांना चिठ्ठी लिहिली, तीनदा फाडली. तुझ्यासाठी फाडली असं म्हणणार होतो. ते खोटं आहे. मलाही ही खोली हवी आहे.

रजा टाक.

मास्तर

१९ जुलै

दादा,

ह्यांनी रजा टाकली नाही. गेल्या मंगळवारी विमानतळावर गेले, गणवेश घालून, आणि उड्डाणाच्या तासभर आधी मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाले, मला हे विमान उडवता येत नाही. परीक्षेआधी मेव्हण्याकडे मुक्कामाला होतो, त्याच्या कपाटातून यादी चोरली. त्याला ह्यातलं काही माहीत नाही.

हे मुक्कामाला कधी होते रे तुझ्याकडे? मार्चमध्ये एक रात्र घर सोडलं नाही त्यांनी. मी विचारलं तर म्हणाले, मास्तर गेला तर शिकवणार कोण? माझ्यासारखे अजून पंधरा जण रांगेत आहेत, त्यांना काट्यातून बाहेर काढणारा तोच एक आहे. आणि मग म्हणाले, माझं नाव तसंही गेलंच होतं, त्यात एक शब्द वाढला.

तो शब्द आता आमच्या दारापर्यंत आलाय. शेजारच्या बाई काल मला बघून घराचं दार ओढून घेत होत्या. थोरलीला कॉलेजात कुणीतरी विचारलं, तुझे बाबा यादी चोरणारे का? ती जेवत नाही. हे खिडकीजवळ बसतात. विमान गेलं की वर बघत नाहीत.

दादा, यादी तू दिलीस ना? मी म्हटलं होतं काहीतरी कर. तेच केलंस ना तू?

चिमी

२४ जुलै

चिमे,

हो. मी दिली.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं, मला पाणी दिलं. म्हणाले, एकतीस वैमानिक तुमच्या यादीवर पास होऊन उडतायत. यादी चोरीला गेली असेल तर एक माणूस वाईट. यादी तुम्ही दिली असेल तर एकतीसच्या एकतीस परीक्षा खोट्या ठरतात, सगळी विमानं जमिनीवर बसतात. तुमच्या मेव्हण्याने राजीनामा दिलाय, विषय मिटलाय. तुम्ही भावनेच्या भरात आहात. घरी जा.

मी म्हटलं, लिहून घ्या. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि टोपण लावलं.

मी परत ह्याच खोलीत आलो. लोक मला सर म्हणतात आणि त्याला चोर. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलून आलो तरी बोललो नाही अशी गत झाली आहे. म्हणून हे पत्र तुला लिहितोय. वर तारीख आहे, खाली माझी पूर्ण सही आहे. २१ मार्चला बिघाडांची यादी मी माझ्या हाताने लिहून तुझ्या नवऱ्याला पाठवली. त्याने चोरली नाही. हे तुझ्याजवळ ठेव. मुलांना दाखव, शेजारणीला दाखव, वाटलं तर विमान खात्याच्या तपासणी अधिकाऱ्याला पाठव. तू जे करशील ते मला मान्य आहे.

तुझा,
दादा
(पूर्ण सही)

२९ जुलै

दादा,

तुझं पत्र ह्या पार्सलमधून परत पाठवतेय.

ह्यांनी वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. मी दोन दिवस ते पत्र घेऊन घरात फिरले. पिठाच्या डब्यामागे ठेवलं, तिथून काढून उशीखाली ठेवलं. तुला कळतंय का तू काय केलंस? पाठवलं तर भावाला मी बुडवलं. नाही पाठवलं तर नवऱ्याला चोर मी ठेवलं. तुम्ही दोघं एकमेकांना वाचवत राहिलात, मोठ्या मनाचे झालात आणि निवाडा करायला मला बसवलंत. का? मी त्या विमानात कधी कॅप्टनच्या सीटवर बसले होते?

ह्यांना लोक चोर म्हणतात ते मी सोशीन. ह्यांनी निदान स्वतःच्या पायाने जाऊन, एवढी मान वर करून, आपल्याला येत नाही असं सांगितलं. किती जणांना जमतं? तू मात्र सही केलीस आणि कागद बहिणीच्या पदरात टाकलास. तो अधिकारी तुलाही पत्ता देऊन बसलाय. तिकीट तुलाही लावता येतं.

राग आहेच. पण स्वेटर विणून झालाय, तो ह्याच पार्सलमध्ये आहे. उगाच अर्थ काढू नकोस. लोकर वाया जायला नको म्हणून पुरा केला.

चिमी

२ ऑगस्ट

प्रति,
मा. तपासणी अधिकारी, नागरी विमान वाहतूक

विषय: वैमानिकांच्या परीक्षेतील बिघाडांची यादी फोडल्याबाबत.

महोदय,

मी खाली सही करणारा, प्रशिक्षण विभागाचा प्रमुख, कळवतो की दिनांक २९ मार्चच्या परीक्षेतील सहा बिघाडांची यादी माझ्या कपाटातून चोरीला गेली नव्हती. ती मी दिनांक २१ मार्च रोजी स्वतःच्या हाताने लिहून परीक्षार्थीस पाठवली. परीक्षार्थी माझा मेव्हणा आहे. आपण यादी चोरली असा जबाब त्याने मला वाचवण्यासाठी दिला, तो खोटा आहे. मी दिनांक २३ जुलै रोजी वरिष्ठांना हे तोंडी सांगितलं, त्याची नोंद झालेली नाही.

माझ्या यादीवर उत्तीर्ण झालेल्या उरलेल्या तीस जणांपैकी कुणालाही मी यादी दिलेली नाही. परंतु ह्यापुढे माझ्या शब्दावर विसंबू नये. सर्वांची परीक्षा दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या यादीवर पुन्हा घ्यावी. विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या वैमानिकांना, अनपेक्षित बदल झाल्यावर वेगाची पट्टी कोणत्या दिशेला सरकताना दिसते आणि त्यांचा हात कुठे जातो, हे जरूर पाहावं. हे मला त्याच परीक्षार्थीने त्याच्या २६ जूनच्या पत्रातून शिकवलं. ते पत्र सोबत जोडलं आहे. त्यात उजव्या सीटवर बसलेल्या वैमानिक मुलीचा उल्लेख आहे. तिने त्या दिवशी अडुसष्ट माणसं वाचवली. ती गप्प राहिली म्हणून तिला शिक्षा होऊ नये, ही विनंती.

आज सकाळी नऊ वाजता नव्या तुकडीतले आठ जण वर्गात येऊन बसले होते. त्यांना मी वरचा सगळा मजकूर वाचून दाखवला आणि वर्ग सोडला. खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे दिली आहे.

आपण बोलवाल तेव्हा हजर राहीन.

आपला,
(सही)